रुळाच्या पोलादाचे अरेषीय स्थिरांक: ध्वनीने कसे मोजायचे, आणि चुकतात कुठे

यूटीएमवर, म्हणजे भार देऊन धातू तपासणाऱ्या यंत्रावर, पोलादाची पट्टी ओढली की पडद्यावर प्रतिबल (दर क्षेत्रफळावरचा जोर) आणि विकृती (लांबीतला सापेक्ष बदल) यांची सरळ रेघ उमटते. ती सरळ दिसते, पण सरळ नसते. अणू एकमेकांपासून दूर जाऊ लागले की त्यांच्यामधली ओढ किंचित बदलते, त्यामुळे ताणलेल्या धातूची स्थितिस्थापकता न ताणलेल्या धातूपेक्षा जराशी वेगळी असते. हा फरक पकडायला ओढ-चाचणी कामाची नाही. २०० मेगापास्कलला पोलादाची विकृती सुमारे ०.००१ असते आणि रेघेचा वाक त्या विकृतीच्या काही पटींत, म्हणजे टक्क्याच्याही आतबाहेर राहतो. विकृती मोजणाऱ्या ०.५ वर्गाच्या चांगल्या एक्स्टेन्सोमीटरची स्वतःचीच चूक अर्धा टक्का असते. वाक आणि उपकरणाची चूक एकाच मापाची.

ध्वनीचा वेग मात्र त्या क्षणीच्या ताठरपणावर ठरतो आणि वेळ लाखात एक भाग इतक्या बारकाईने मोजता येते. म्हणून पट्टीवर भार ठेवायचा, तिच्यातून श्राव्यातीत ध्वनी पाठवायचा आणि भाराबरोबर वेग किती बदलतो ते पाहायचे. या पद्धतीला ध्वनि-स्थितिस्थापक पद्धत म्हणतात. मुर्नाघन या गणितज्ञाने १९३७ मध्ये मोठ्या विकृतीचा सिद्धांत मांडला. ह्यूज आणि केली यांनी १९५३ मध्ये त्यावरून वेगांची सूत्रे काढली आणि लोखंड, पॉलिस्टायरीन व पायरेक्स काचेवर मोजमापेही केली. एगल आणि ब्रे यांनी १९७६ मध्ये रुळाच्या पोलादाचे जे आकडे दिले, तेच इथे नमुना म्हणून घेतले आहेत.

रूळच का? लांब जोडरुळाला प्रसरणाला जागा नसते. तापमान १ अंशाने वाढले की सुमारे २.४ मेगापास्कल दाब त्यात साठतो. ताणमुक्त तापमानापेक्षा रूळ २५ अंशांनी तापला तर ६० मेगापास्कल. मे महिन्यात विदर्भात रूळ हवेपेक्षा बराच जास्त तापतो, हे रुळावर काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. हा दाब रूळ न कापता ध्वनीने मोजायचा असेल, तर त्या पोलादाचे स्थिरांक आधी माहीत हवेत.

कोणते आकडे काढायचे आहेत

समदिक्, म्हणजे सर्व दिशांत सारख्या वागणाऱ्या, धातूला रेषीय वागणुकीसाठी लामेचे दोन स्थिरांक पुरतात: लॅम्डा आणि म्यू. पुढच्या, म्हणजे अरेषीय, पायरीला मुर्नाघनचे तीन लागतात: एल, एम, एन. सगळे गिगापास्कलमध्ये. रुळाच्या पोलादाचे आकडे असे:

लॅम्डा = ११५.८, म्यू = ७९.९, एल = −२४८, एम = −६२३, एन = −७१४.

यावरून प्वासाँचे गुणोत्तर (लांबीत ताणल्यावर आडवे किती आकसते ते), ज्याला पुढे न्यू म्हणू, ०.२९६ येते आणि यंगचा गुणांक (प्रतिबल भागिले विकृती) २०७ गिगापास्कल.

जुन्या लेखांत लँडाउच्या पद्धतीचे ए, बी, सी हे स्थिरांकही आढळतात. त्यांचे रूपांतर सोपे आहे: एन = ए, एम = ए÷२ + बी, एल = बी + सी. दोन पद्धतींचे आकडे एकाच सूत्रात घालणे ही इतक्या वेळा होणारी चूक आहे की आकडा उचलण्यापूर्वी तो कोणत्या पद्धतीतला आहे हे वहीत शेजारी लिहूनच ठेवावे.

तीन अज्ञात, म्हणून तीन स्वतंत्र मोजमापे. भार १ या दिशेत आहे असे धरा. पट्टीच्या जाडीतून, म्हणजे २ या दिशेत, तीन लहरी पाठवायच्या:

२२: अनुतरंग. दोलनही जाडीच्याच दिशेत.
२१: अवतरंग, दोलन भाराच्या दिशेत.
२३: अवतरंग, दोलन भाराला काटकोनात, पट्टीच्या रुंदीत.

पहिला अंक लहर जाते ती दिशा, दुसरा कण हलतात ती दिशा. तिन्ही लहरी जाडीतूनच जात असल्याने प्रोब (ध्वनी पाठवणारा आणि टिपणारा संवेदक) एकाच जागी बसतो, पकडींच्या वाटेला जावे लागत नाही. कामाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे.

नमुना

रुळाच्या डोक्याच्या आतल्या भागातून नमुना काढा. चाकांनी चेपून कडक झालेला वरचा थर टाळा. गॅसने कापू नका; बँडसॉ भरपूर कूलंट लावून चालवा किंवा वायर-कट वापरा. मधला भाग १०० मिमी लांब, २५ मिमी रुंद, २० मिमी जाड. खांद्यांना २५ मिमी त्रिज्या. छेद ५०० चौरस मिमी होतो, त्यामुळे १०० किलोन्यूटनच्या यंत्रावर २०० मेगापास्कलपर्यंत जाता येते आणि रुळाचे पोलाद तिथे अजून लवचिक मर्यादेत निवांत असते.

जाडीच्या दोन्ही बाजू सरफेस ग्राइंडरवर घासून घ्या. समांतरता १० मायक्रॉनच्या आत हवी. बाजू तिरप्या असतील तर दुसरा प्रतिध्वनी पहिल्यापेक्षा वेगळ्याच आकाराचा येतो आणि दोघांची तुलना करण्यात अर्थ उरत नाही.

उष्णतोपचाराने उरलेले प्रतिबल काढावे का, हा प्रश्न नेहमी येतो. इथे तो करू नये असे आमचे मत आहे. आपल्याला वेगाचा उतार हवा आहे, मूळ वेग नव्हे, आणि उतारावर थोड्या उरलेल्या प्रतिबलाचा फारसा परिणाम होत नाही. उलट भट्टीत घातले की सूक्ष्मरचना बदलू शकते, मग मोजलेले पोलाद रुळातले राहत नाही.

भार न देता आधी एवढे करून घ्या

घनता आर्किमिडीजच्या पद्धतीने काढा, जाडी मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजा आणि दोन्ही लहरींचे वेग काढा. अनुतरंगाचा वेग ५,९२५ मीटर प्रति सेकंदाच्या आसपास यायला हवा, अवतरंगाचा ३,१९० च्या. घनता गुणिले अवतरंग-वेगाचा वर्ग म्हणजे म्यू. घनता गुणिले अनुतरंग-वेगाचा वर्ग म्हणजे लॅम्डा + २म्यू.

मग अवतरंगाचा प्रोब जागच्या जागी हळूहळू फिरवा. रोलिंगमुळे कणांना एक ठरावीक कल आलेला असतो, म्हणून दोन काटकोनी दिशांत वेग किंचित वेगळे येतात. हा फरक नोंदवा. १०० मेगापास्कल भाराने या दोन वेगांत पडणारा फरक जेमतेम ०.०७७ टक्के असतो आणि रोलिंगचा फरक त्याहून जास्त निघाला तर नवल नाही. तो भाराबरोबर बदलत नाही, म्हणून उतारातून आपोआप वजा होतो. पण तो अर्ध्या टक्क्याच्या वर गेला, तर पट्टी समदिक् मानून खालची सूत्रे वापरणे प्रामाणिक ठरणार नाही.

प्रोब, चिकटद्रव आणि घड्याळ

५ मेगाहर्ट्झचे, ६ मिमी व्यासाचे दोन प्रोब घ्या: एक अनुतरंगाचा, एक सरळ-आपाती अवतरंगाचा. १२ मिमीचा मोठा प्रोब जास्त जोरकस वाटतो, पण त्याचे निकटक्षेत्र, म्हणजे प्रोबजवळचा लहर अजून स्थिरावलेली नसते तो भाग, अनुतरंगासाठी ३० मिमीपेक्षा लांब जाते आणि आपली पट्टी २० मिमीचीच आहे. ६ मिमीच्या प्रोबला तेच ८ मिमीच्या आत संपते.

अवतरंग पातळ द्रवातून जात नाही. म्हणून अवतरंगासाठीचे खास घट्ट कपलंट (चिकटद्रव) वापरा. ते नसेल तर घट्ट मधही चालतो, आणि प्रयोगशाळांत तो खरोखर वापरतात. थर दाबून बसायला वेळ लागतो. प्रोब स्प्रिंगच्या क्लॅम्पने बसवून अर्धा तास तसाच राहू द्या. या अर्ध्या तासात वेळेचे वाचन सरकत राहते. सरकणे थांबल्याशिवाय भार चढवला, तर ते सरकणेच तुमच्या उतारात जाऊन बसते.

दोलनाची दिशा प्रोबच्या कवचावर खुणेने दाखवलेली असते, पण त्या खुणेवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तसाच दुसरा प्रोब पट्टीच्या मागच्या बाजूने लावा आणि तो फिरवत संकेत सर्वांत क्षीण कुठे होतो ते पाहा. तिथे दोघांच्या दिशा काटकोनात असतात. त्यावरून स्वतःची खूण करा. दिशा १०–१५ अंशांनी चुकली तर २१ आणि २३ या दोन्ही लहरी एकत्र निघतात, त्यांच्या वेळा किंचित वेगळ्या असतात आणि प्रतिध्वनीचा आकारच भाराबरोबर बदलू लागतो. संगणक त्यातूनही एक आकडा काढून देतो, म्हणून ही चूक लवकर लक्षात येत नाही.

आता वेळ. पहिल्या आणि दुसऱ्या प्रतिध्वनीमधले अंतर मोजा. पहिल्याच प्रतिध्वनीची सुरुवातीपासूनची वेळ घेऊ नका, कारण तीत प्रोबची आणि कपलंटची वेळ मिसळलेली असते. २० मिमी जाडीत जाऊन-येऊन लागणारा वेळ आणि १०० मेगापास्कल ताणाने त्यात पडणारा फरक असा:

२२: ६,७५१ नॅनोसेकंद, २.२ नॅनोसेकंदांनी कमी.
२१: १२,५४० नॅनोसेकंद, ७.६ नॅनोसेकंदांनी जास्त.
२३: १२,५४० नॅनोसेकंद, २.१ नॅनोसेकंदांनी कमी.

म्हणजे घड्याळ ०.१ नॅनोसेकंदाचे हवे. सेकंदाला १ अब्ज नमुने घेणाऱ्या ऑसिलोस्कोपचे दोन नमुने १ नॅनोसेकंदाच्या अंतरावर असतात, पण ५०० ते १,००० लहरींची सरासरी काढून दोन प्रतिध्वनींचा सहसंबंध घेतला आणि त्याच्या शिखरावर परवलय बसवला की ०.१ नॅनोसेकंद गाठता येते. शिखर चुकून शेजारच्या आवर्तनावर गेले तर २०० नॅनोसेकंदांची उडी दिसते. ती इतकी मोठी असते की घाबरायचे कारण नाही. खरा धोका अर्ध्या नॅनोसेकंदाच्या गुपचूप सरकण्याचा असतो, आणि ते बहुतेक वेळा तापमानाचे असते.

तापमान

पोलादात अनुतरंगाचा वेग १ अंशाला सुमारे दहा हजारात एक भागाने घटतो, अवतरंगाचा त्याहून थोडा जास्त. २३ लहरीत १०० मेगापास्कलने वेळेत होणारा बदल दहा हजारात १.७ भाग आहे. म्हणजे खोलीतला एसी चालू-बंद झाल्याने पट्टी १ अंशाने तापली, तर २३ च्या दृष्टीने ते जवळजवळ १०० मेगापास्कलइतके आहे. पीटी-१०० तापमान-संवेदक पट्टीवरच, प्रोबपासून २० मिमीवर चिकटवा आणि ०.०५ अंशापर्यंत वाचा. यंत्राच्या हवेतले तापमान नोंदवून उपयोग नाही.

याहून लपलेली एक गोष्ट आहे. धातू ओढला की तो स्वतःच थंड होतो. पोलाद १०० मेगापास्कलला सुमारे ०.०९ अंशाने थंड होते, ॲल्युमिनियम ०.२८ अंशाने. भार चढवून लगेच वाचन घेतले, तर २३ च्या उतारात एवढ्यानेच सात-आठ टक्क्यांची चूक शिरते. तीही प्रत्येक पायरीला एकाच दिशेने, त्यामुळे बिंदू सुंदर रेघेवर बसतात आणि रेघ चुकीची असते. प्रत्येक पायरीनंतर तीन मिनिटे थांबा, संवेदक पूर्ववत झाला की वाचन घ्या.

भार चढवणे

पट्टीच्या दोन समोरासमोरच्या बाजूंवर स्ट्रेन गेज (विकृती मोजणाऱ्या चिकटवायच्या पट्ट्या) लावा आणि सरासरी घ्या. दोन वाचनांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर पट्टी वाकते आहे. पकड पुन्हा जुळवा. भार आणि विकृती यांचा उतार २०७ गिगापास्कलपासून एक-दीड टक्क्यापेक्षा दूर गेला, तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा गेज नीट चिकटलेला नसतो किंवा गेज-गुणक चुकीचा भरलेला असतो, आणि ही चूक तिन्ही स्थिरांकांत जशीच्या तशी उतरते.

आधी तीनदा पूर्ण भार चढवून उतरवा, म्हणजे पकडी बसतात. मग शून्य ते २०० मेगापास्कल, २५ च्या पायऱ्यांनी वर, आणि त्याच पायऱ्यांनी खाली. अगदी शून्यावर पकडी ढिल्या होतात, म्हणून खालचा बिंदू ५ मेगापास्कलला ठेवा. चढतीचे आणि उतरतीचे बिंदू एकमेकांवर पडले पाहिजेत. मध्ये फट राहिली तर कपलंट सरकला किंवा तापमान बदलले. एका लहरीसाठी प्रोब काढून पुन्हा बसवून तीन फेऱ्या करा. एकाच बसवणीत दहा फेऱ्या केल्या तर आकडे छान जुळतात, पण ते जुळणे बसवणीचे असते.

हिशेब, आणि सर्वांत महागडी चूक

प्रत्येक लहरीसाठी वेळेतला सापेक्ष बदल भागिले भाराच्या दिशेतली विकृती, असा उतार काढा. याला ‘उ’ म्हणू. पण उ म्हणजे वेगाचा उतार नव्हे. पट्टी लांबीत ताणली की जाडीत आकसते, लहरीची वाटच तोकडी होते. वेगाचा सापेक्ष बदल प्रति विकृती, ज्याला ‘के’ म्हणू, असा येतो:

के = −उ − न्यू

वरच्या आकड्यांत २२ साठी उ = −०.६७५, म्हणून के = +०.३७९. २१ साठी उ = +१.२५३, के = −१.५४९. २३ साठी उ = −०.३४६, के = +०.०५०. वेग २३ मध्ये जवळजवळ बदलतच नाही. घड्याळात दिसलेला २.१ नॅनोसेकंदांचा बदल बहुतेक सगळा वाट तोकडी झाल्याचा आहे.

मग स्थिरांक क्रमाने:

एन = ४म्यू × [(के२१ − के२३) ÷ (१ + न्यू) − १]

एम = २(लॅम्डा + म्यू) × [के२३ + २न्यू + एन ÷ ४म्यू]

एल = (लॅम्डा ÷ म्यू) × [एम + (लॅम्डा + २म्यू)(१ + के२२ ÷ २न्यू)]

आकडे घालून पाहा: एन −७१४, एम −६२३, एल −२४८.

आता जाडीची दुरुस्ती विसरून, −उ लाच के समजून हाच हिशेब करा. एन तसाच राहतो, −७१४; कारण त्यात दोन के ची वजाबाकी आहे आणि न्यू उडून जाते. एम −६२३ ऐवजी −५०७ येतो. आणि एल? तो −२४८ वरून सुमारे +१२० वर जातो. चिन्हच उलटते. म्हणून कुणाच्या तक्त्यात एन इतरांशी जुळणारा, एम थोडा कमी आणि एल भलताच दिसला, तर पोलादाला दोष देण्याआधी ही एक ओळ तपासा.

दुरुस्ती केली तरी एल सर्वांत डळमळीत राहतो. के२२ मध्ये ०.०५ ची चूक झाली की एल ३४ गिगापास्कलने हलतो, शिवाय एन आणि एम च्या चुकाही त्याच्यात येऊन जमतात. प्रकाशित आकड्यांत एल सर्वांत जास्त विखुरलेला का असतो, त्याचे कारण हेच. एल खरोखर नेमका हवा असेल तर एका दिशेतला भार पुरत नाही. नमुना द्रवाच्या दाबात ठेवून अनुतरंग मोजावा. तेवढ्याच मेगापास्कलला आकारमानाचा बदल तिप्पट होतो आणि एल ची छापही तिप्पट पडते. दाबपात्र महाग असते आणि सीलमधून वायर बाहेर काढणे हे वेगळेच कौशल्य आहे, तरी दुसरा चांगला मार्ग नाही.

ताळा

एक ताळा असा आहे की ज्याला पोलादाचे स्थिरांक माहीत असण्याची गरजच नाही. अवतरंग भाराच्या दिशेने जाऊ द्या आणि दोलन आडवे ठेवा, ही १२ लहर. तिचा के आणि २१ चा के यांच्यातला फरक नेहमी १ + न्यू इतकाच असतो, मग धातू कोणताही असो. आपल्या पोलादात के१२ = −०.२५३, के२१ = −१.५४९, फरक १.२९६. समदिक् धातूत हा फरक चुकला तर सिद्धांत नाही, तुमची मांडणी चुकली आहे. १२ साठी लांबीच्या टोकाला प्रोब लावावा लागतो. म्हणून दाब देण्याच्या यंत्रावर आखूड ठोकळा घ्या आणि खालच्या पाटात प्रोबपुरती पोकळी ठेवा. ठोकळ्याची उंची बाजूच्या अडीच-तीन पट हवी, नाहीतर टोकांच्या घर्षणाने प्रतिबल एकसारखे राहत नाही.

दुसरा ताळा रुळावर काम करणाऱ्यांच्या जास्त उपयोगाचा: पृष्ठभागालगत भाराच्या दिशेने जाणारा अनुतरंग, म्हणजे ११. तो निर्माण करायला ॲक्रिलिकच्या पाचरीवरून लहर क्रांतिक कोनात आत सोडतात. ॲक्रिलिकमध्ये वेग सुमारे २,७३० मीटर प्रति सेकंद, म्हणून कोन २७.४ अंश येतो. वरच्या स्थिरांकांवरून के११ = −२.५१. भाराची सर्वांत मोठी छाप याच लहरीवर पडते, म्हणूनच रुळातले प्रतिबल मोजायला ती वापरतात.

एक प्रक्षेपक आणि १०० मिमी अंतरावर दोन ग्राहक ठेवा. दोन ग्राहकांतला वेळ १६,८८० नॅनोसेकंद. १०० मेगापास्कलला तो किती बदलेल, हे ग्राहक कशाला बांधले आहेत त्यावर ठरते. ते कडक चौकटीत असतील तर अंतर तेच राहते आणि बदल २०.५ नॅनोसेकंद. पोलादालाच चिकटवलेले असतील तर पट्टीबरोबर तेही दूर सरकतात आणि बदल २८.६ नॅनोसेकंद होतो. एकाने चौकट वापरून काढलेला गुणक दुसऱ्याने चिकटवलेल्या ग्राहकांना लावला, तर प्रतिबल चाळीस टक्क्यांनी फुगते.

भार न देता: दुसरी संनादी

यूटीएम नसेल किंवा पुलाचा तुळईभाग जागेवर तपासायचा असेल, तर दुसरी वाट आहे. अरेषीय धातूतून ५ मेगाहर्ट्झची जोरकस लहर गेली की वाटेत १० मेगाहर्ट्झची क्षीण लहर जन्मते, हीच दुसरी संनादी. तिचा आयाम (दोलनाची उंची) मूळ आयामाच्या वर्गाबरोबर आणि अंतराबरोबर वाढतो. त्यावरून अरेषीयतेचे माप, बीटा, असे निघते:

बीटा = ८ × दुसरा आयाम ÷ (तरंगांकाचा वर्ग × अंतर × पहिल्या आयामाचा वर्ग)

(तरंगांक म्हणजे २π ÷ तरंगलांबी.) आणि याच बीटाचा मुर्नाघनशी संबंध: बीटा = −[३ + (२एल + ४एम) ÷ (लॅम्डा + २म्यू)]. रुळाच्या पोलादाला ७.८ येतो. कसोटी किती नाजूक आहे ते पाहा. २० मिमी अंतर, पहिला आयाम १० नॅनोमीटर, तर दुसरा फक्त ०.०५५ नॅनोमीटर, म्हणजे पहिल्याच्या सुमारे अर्धा टक्का.

१० ते १२ आवर्तनांचा स्फोट, म्हणजे लहरींचा छोटा झोत, पाठवा. १२ आवर्तने म्हणजे २.४ मायक्रोसेकंद. लहर एकदा पार जायला ३.४ मायक्रोसेकंद लागतात, म्हणून पुढची परतलेली लहर त्यावर चढत नाही. मागच्या बाजूला १० मेगाहर्ट्झचा ग्राहक लावा. प्रक्षेपकाआधी कमी-वारंवारता फिल्टर हवाच, कारण प्रवर्धक स्वतःच १० मेगाहर्ट्झ तयार करतो. विश्लेषणासाठी स्फोटाचा मधला स्थिर भाग पूर्ण आवर्तनांत कापून घ्या.

त्यानंतर आउटपुट पायरीपायरीने वाढवा आणि दुसरा आयाम पहिल्याच्या वर्गासमोर मांडा. रेघ मूळ बिंदूतून जायला हवी. वर सरकलेली असेल तर तो भाग उपकरणाचा आहे. नमुन्याची जाडी १० मिमीवरून २० आणि ३० केली की खरा उतार प्रमाणात वाढतो. उपकरणाची संनादी मात्र जाडीकडे बघत नाही. ही परीक्षा न देता छापलेला बीटा आम्ही गंभीरपणे घेत नाही.

आयाम व्होल्टमध्ये मोजला तर बीटा फक्त तुलनेसाठी उपयोगी पडतो, एका नमुन्याची दुसऱ्याशी. नॅनोमीटरमध्ये हवा असेल तर काही मायक्रॉन फट ठेवलेला कपॅसिटिव्ह ग्राहक लागतो किंवा लेसर व्यतिकरणमापी. पृष्ठभागाला ऑप्टिकल पॉलिश, समांतरता त्याहून काटेकोर.

दोन्ही पद्धतींचे बीटा जुळले नाहीत तरी लगेच चूक समजू नका. मुर्नाघनवरून येणारा बीटा प्रामुख्याने स्फटिकजालीचा आहे. संनादीत मात्र लहरीबरोबर वाकणाऱ्या डिसलोकेशनचाही (स्फटिकातल्या रेषेसारख्या दोषांचाही) वाटा असतो. तो थकव्याच्या फेऱ्यांबरोबर वाढतो, आणि थकवा मोजणाऱ्यांना नेमके तेच हवे असते. पण त्यांच्या बीटावरून उलटे एल किंवा एम काढू नयेत.